पहारेकऱ्याची साक्ष

(येडशी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो सोयाबीनचे भाव, कारखान्यांकडील उसाची थकबाकी किंवा अंदाजपत्रक यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आज मात्र मी एका सिनेमावर बोलणार आहे, आणि तोही प्रेम, विश्वासघात, खून आणि न्यायालयातील उलटतपासणी असा सगळा मसाला भरलेल्या सिनेमावर. आपल्या चळवळीत सिनेमाला एकतर करमणूक म्हणून सोडून देण्याची किंवा भांडवलशाहीची अफू म्हणून दोन वाक्यांत निकालात काढण्याची सवय आहे. या दोन्ही सवयी आळशीपणाच्या आहेत. कायदा म्हणजे काय, न्याय कोणाला मिळतो आणि दया कोणावर करायची, यांविषयीची सामान्य माणसाची कल्पना कायद्याच्या पुस्तकातून बनत नाही. ती पडद्यावरच्या कोर्टातून बनते. गावात एखादा खून होतो आणि चावडीवर चर्चा सुरू होते, तेव्हा लोकांच्या तोंडी जी वाक्ये येतात, ती कोठून आली याचा शोध कार्यकर्त्याने घेतला पाहिजे.

अक्षय कुमार यांचा 'रुस्तम' हा २०१६ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नौदलातील एक अधिकारी घरी परततो, पत्नीचे आपल्या मित्राशी संबंध असल्याचे त्याला कळते, तो त्या मित्राला गोळ्या घालतो, खटला चालतो आणि ज्यूरी त्याला निर्दोष ठरवते. या भूमिकेसाठी अक्षय कुमार यांना राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. ही कथा मुंबईत घडलेल्या नानावटी खटल्यावर बेतलेली आहे. त्या खटल्यावर सिनेमावाल्यांचे प्रेम जुनेच आहे. १९६३ मध्ये सुनील दत्त यांनी 'ये रास्ते हैं प्यार के' काढला, १९७३ मध्ये गुलजार यांचा 'अचानक' आला, मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांनी 'अपराध मीच केला' लिहिले आणि २०१९ मध्ये त्यावर एक मालिकाही निघाली. एका खुनावर साठ वर्षे असे पीक निघत राहावे, याला काही कारण असले पाहिजे.

प्रथम घटना पाहू. २७ एप्रिल १९५९. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे 'म्हैसूर' या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया मूळच्या इंग्लंडच्या, तीन मुले. त्या दिवशी दुपारी पत्नीने प्रेम आहुजा या मोटारव्यापाऱ्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले, आपल्या नौकेवर जाऊन खोटे कारण सांगून एक पिस्तूल आणि सहा गोळ्या घेतल्या, तेथून आहुजांच्या कचेरीत गेले, ते तेथे नाहीत म्हणून मलबार हिलवरील त्यांच्या घरी गेले आणि शयनगृहात शिरून दार लावून घेतले. आहुजा नुकतेच स्नान करून कमरेला टॉवेल गुंडाळून उभे होते. तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

आता एक गोष्ट सांगतो, जी या विषयावरील चित्रपट पाहून कोणालाही कळणार नाही. 'मी माझ्या अब्रूसाठी याला मारले' असे नानावटींनी न्यायालयात म्हटलेच नाही. त्यांचा बचाव अपघाताचा होता. आहुजा सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार आहेत काय, एवढेच आपण विचारायला गेलो, त्यांनी उद्धट उत्तर दिले, पिस्तूल असलेल्या पाकिटावर त्यांनी झडप घातली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या, अशी ती हकीकत होती. प्रक्षोभाचा मुद्दा बचावाने पर्याय म्हणून पुढे आणला. म्हणजे ज्या कृत्याबद्दल मुंबईकर त्यांना वीरपुरुष ठरवीत होते, ते कृत्य आपण केलेच नाही, असे वीरपुरुष स्वतः शपथेवर सांगत होते. जनतेने टाळ्या एका गोष्टीला दिल्या आणि बचाव झाला दुसऱ्याच गोष्टीचा. या विसंगतीकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पडद्यावर तर ती उरतच नाही.

सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. आपले चित्रपट येथे संपतात. खटला मात्र येथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा कौल पुराव्याशी इतका विसंगत वाटला की, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ चा आधार घेऊन त्यांनी तो उच्च न्यायालयाकडे धाडला. ११ मार्च १९६० रोजी न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांनी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटला उभा राहिला तेव्हा मुंबई हे द्वैभाषिक राज्य होते. अंतिम निकाल लागला तेव्हा संयुक्त महाराष्ट्र होऊन दीड वर्ष लोटले होते, आणि कायद्याच्या ग्रंथांत हा खटला 'नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणूनच नोंदला गेला.

हा निकाल कशाच्या आधारावर लागला? तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे टॉवेल. झटापट झाली म्हणावी, तर गोळ्या लागून पडलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला? दुसरी गोष्ट वेळेची. घरून निघाल्याची वेळ दुपारी सुमारे दीड, गोळ्या झाडल्याची वेळ सुमारे चार वाजून वीस मिनिटे. मधे जवळजवळ तीन तास गेले. दंडसंहितेच्या कलम ३०० मध्ये अपवाद आहे तो गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. संतापाच्या भरात भान सुटले, तर खुनाचा गुन्हा सौम्य होतो. पण संताप शमायला अवसर मिळाला असेल, तर नाही. मुलांना सिनेमाला पोचवणारा, नोंद करून शस्त्र घेणारा, आधी कचेरीत आणि मग घरी शोध घेणारा मनुष्य भान सुटलेला दिसत नाही. हाती कामांची यादी घेतलेला अधिकारी दिसतो.

तिसरी गोष्ट माझ्या व्याख्यानाच्या मुळाशी आहे. आहुजांच्या इमारतीवर एक पहारेकरी होता. बाहेर पडणाऱ्या नानावटींना त्याने हटकले. त्यावर, आहुजांचे आपल्या पत्नीशी संबंध होते म्हणून आपण त्यांना मारले, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. पहारेकऱ्याने न्यायालयात तसे सांगितले. बचाव पक्षाच्या दिमतीला कार्ल खंडालावाला यांच्यासारखे नामांकित बॅरिस्टर होते. बाहेर वृत्तपत्रे, नौदलाची प्रतिष्ठा आणि अर्धे शहर आरोपीच्या बाजूने उभे होते. आणि समोर एक पहारेकरी, ज्याची नोकरी कोणत्याही क्षणी जाऊ शकली असती. तो मागे हटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याची साक्ष ग्राह्य धरली. या सगळ्या प्रकरणात मला धीरोदात्त वाटलेला मनुष्य जर कोणी असेल, तर तो हा. त्याच्यावर मात्र अद्याप कोणी चित्रपट काढलेला नाही.

वृत्तपत्रांचा उल्लेख केला, तेव्हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने थोडे विषयांतर करतो. रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे घेतली. एरवी २५ पैशांना मिळणारा अंक त्या काळात दोन रुपयांना विकला गेला, म्हणजे आठपट. रस्त्यावर आहुजा-टॉवेल आणि नानावटी-पिस्तुले विकली जात होती. सहानुभूतीलाही बाजार असतो; मागणी वाढली की तिचा पुरवठा वाढतो, आणि पुरवठादाराला नफा होतो. खेदाची बाब अशी की, स्वतःला डावे म्हणवणाऱ्या आणि भांडवलदारांना धारेवर धरणाऱ्या साप्ताहिकाने हा व्यापार केला. विलासी, श्रीमंत, बाईबाज व्यापारी विरुद्ध देशासाठी लढणारा सैनिक, असे त्याचे वर्गचित्र रंगवले गेले. वर्गसंघर्षाची भाषा वापरून खुनाचे समर्थन करता येते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. वस्तुतः मारणारा आणि मरणारा दोघेही मुंबईच्या वरच्या वर्तुळातले होते, एकमेकांच्या घरी जाणारे-येणारे होते.

या खटल्यामुळे भारतातील ज्यूरी बंद झाली, असे सर्रास लिहिले जाते. तेही तितकेसे खरे नाही. ज्यूरीची पद्धत फसली आहे, ती रद्द करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच आपल्या चौदाव्या अहवालात केली होती. तेव्हा एकही गोळी झाडली गेलेली नव्हती. आणि या खटल्यानंतरही ज्यूरी काही ठिकाणी चालू राहिली. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. जुन्या कायद्यानुसार ज्यूरी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या गुन्ह्यांसाठी बसवायची, हे सरकार ठरवी. तेव्हा 'लोकांचा न्याय' म्हणून तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही.

आता स्त्रियांकडे वळू. 'अचानक' मधील नायक मित्राबरोबर पत्नीलाही ठार मारतो. प्रत्यक्षात काय घडले? सिल्व्हिया साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, त्यांची खासगी पत्रे भर न्यायालयात वाचली गेली, त्यांनी पतीच्या बाजूने साक्ष दिली, आणि पुढे हे दांपत्य मुलांसह १९६८ मध्ये कॅनडाला गेले. एकत्र राहिले. नानावटी २००३ मध्ये वारले. चूक केलेली स्त्री, रागावलेला पुरुष, आणि त्यानंतर पुन्हा संसार, ही गोष्ट खरी असूनही सिनेमाच्या पचनी पडली नाही. दुसरी स्त्री म्हणजे मृताची बहीण मॅमी आहुजा. गोळ्या झाडल्या तेव्हा त्या घरातच होत्या. भाऊ गेला, आणि वर वृत्तपत्रांतून त्याच्या चारित्र्याचे धिंडवडे निघत असलेले त्यांना पाहावे लागले. त्यांनी उभा केलेला तरुण वकील म्हणजे राम जेठमलानी. मराठी नाटकात 'शांतता! कोर्ट चालू आहे' ने खटल्याच्या नावाखाली बाईची शिकार कशी होते, हे १९६७ मध्येच दाखवून दिले होते. हिंदी सिनेमापर्यंत ती जाणीव पोचायला बराच काळ गेला. पुरती पोचली असेही मी म्हणणार नाही.

या साऱ्याच्या तळाशी मालकीची कल्पना आहे. त्या काळच्या दंडसंहितेत कलम ४९७ होते. परस्त्रीशी, तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. तक्रार करण्याचा अधिकार पतीला. पत्नीला आपल्या पतीविरुद्ध तसा अधिकार नव्हता. पतीची संमती असेल तर गुन्हाच नाही! एखाद्याच्या शेतात परवानगीवाचून नांगर घालण्याचा गुन्हा आणि हा गुन्हा यांची मांडणी सारखीच होती. पण एवढ्या एकतर्फी कायद्यानेसुद्धा आहुजांच्या अपराधाची जास्तीत जास्त किंमत पाच वर्षे ठरवली होती. नानावटींनी ती देहान्त ठरवली. अब्रूसाठी कायदा हाती घेतला म्हणून ज्यांना कौतुक वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे की, कायदा त्यांच्याच बाजूचा होता आणि तोही त्यांना पुरला नाही.

या कलमाची पुढची हकीकतही मोठी रंजक आहे. उच्च न्यायालयात नानावटींविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे यशवंतराव चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले, आणि १९८५ मध्ये त्यांच्याच पीठाने हे कलम वैध ठरवले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले, तेव्हा त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एकाच घरातील दोन पिढ्यांत कायद्याची समज किती बदलली, ते यावरून दिसते. खून आणि प्रक्षोभ यांविषयीचा कायदा मात्र बराचसा होता तसाच आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा बदलून १०१ झाला, अपवाद कायम राहिला.

या अपवादाची जी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने नानावटी निकालात सांगितली, तिच्यावर थोडे थांबावे लागेल. आरोपी ज्या सामाजिक वर्गातला आहे, त्याच वर्गातील एखादा समंजस मनुष्य त्याच परिस्थितीत सापडला असता, तर त्याचा तोल गेला असता काय, अशी ती कसोटी. वर्ग हा शब्द आपण सभांतून उच्चारतो. येथे तो न्यायमूर्तींनी उच्चारला आहे. त्यामागील हेतू चांगला आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, माणसाची रीतभात आणि संस्कार पाहावेत, असा तो हेतू. न्यायालयाने हीच कसोटी लावून नानावटींना सवलत नाकारली, हेही नमूद केले पाहिजे. पण न्यायालयाबाहेर या कसोटीचे काय होते? ज्याचा संताप आपल्या कल्पनेत सहज उभा राहतो, त्याला समाज क्षमा करतो. पांढऱ्या गणवेशातील अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे सुशिक्षित वाचकाला सोपे गेले. ऊसतोडीला गेलेला, पत्नीकडे मुकादमाने वाकडी नजर टाकली म्हणून कोयता उचललेला मजूर डोळ्यांसमोर आणून पाहा. त्याच्यासाठी कोणते साप्ताहिक आठपट किमतीला खपेल? त्याच्या वाट्याला वीराचा मान येणार नाही. 'ही माणसे अशीच' एवढाच शेरा येईल. आणि मुकादमाचा खून हा तर खूनच राहील. तो खून नाही, असे मीही म्हणणार नाही. माझा आक्षेप मोजमापावर आहे.

आणि दयेचे काय झाले, तेही पाहा. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी, ११ मार्च १९६० रोजी, राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या अनुच्छेद १६१ खाली शिक्षेला स्थगिती दिली आणि आरोपी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिले. अपील प्रविष्ट असताना अशी स्थगिती चालू ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला ५ सप्टेंबर १९६० रोजी सांगावे लागले. अंतिम निकालानंतर नानावटी तुरुंगात गेले, पण १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यांनाही माफी मिळाली. आयात परवान्याच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती. मॅमी आहुजांनी हरकत नसल्याचे लिहून दिले. पारशी समाज नानावटींच्या मागे, सिंधी समाज आहुजांच्या मागे. दोन्ही तराजूंत एकेक माफी टाकली की काटा स्थिर. भाई प्रताप यांच्यावर अन्याय झाला होता असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात तथ्य असू शकेल. पण दया अशी वाटाघाटीने वाटली गेली, की ज्याच्यापाशी वाटाघाट करायला समाज, वकील किंवा वजन नाही, त्याच्या वाट्याला ती येत नाही.

आज खुनाबद्दल जन्मठेप भोगणाऱ्याला चौदा वर्षांच्या आत सरकारी सूट देऊन सोडता येत नाही. १९७८ पासून तसा कायदा आहे. राज्यपालांचा घटनादत्त अधिकार मात्र या बंधनाबाहेर राहिला. दुसरीकडे पाहा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, अजून दोषी ठरलेली नव्हती. नानावटींना दोषी ठरल्यावरही तुरुंगाबाहेर ठेवता आले. यांना दोषी ठरण्यापूर्वीच आत ठेवले गेले आहे.

'रुस्तम' आला त्याच २०१६ मध्ये, साडेतीन महिने आधी, आपल्या शेजारच्या करमाळ्याच्या मातीतला 'सैराट' आला होता. तेथेही प्रेम आहे, अब्रू आहे, खून आहे. पण न्यायालय नाही. शेवटी एक लहान मूल रक्तात पाय भरून घराबाहेर येते, आणि चित्रपट थांबतो. मुंबईच्या अब्रूला न्यायालयाचा रंगमंच मिळतो, आमच्याकडच्या अब्रूचे बळी उंबऱ्याच्या आतच संपतात. आणि जेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत जाते, तेव्हाही काय होते, ते आपण पाहिले आहे. भूम तालुक्याच्या पलीकडे, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा, वरच्या जातीतील मुलीशी बोलतो या संशयावरून, निर्घृण खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. मुंबईत एका पहारेकऱ्याने जे केले, ते खर्ड्यात अनेकांना करता आले नाही. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार मला नाही. मुंबईचा पहारेकरी साक्ष देऊन अफाट शहरात नाहीसा होऊ शकत होता. गावातील साक्षीदाराला त्याच वाटेने घरी जायचे असते, त्याच दुकानातून किराणा आणायचा असतो, त्याच शेतावर मजुरी मागायची असते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे एक व्यवहाराची गोष्ट ठेवतो. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि ती देशभर लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पोलीसप्रमुख आणि सरकारी अभियोक्त्यांचे प्रमुख तिच्यावर असतात. साक्षीदाराला, त्याच्या कुटुंबीयांना किंवा त्याच्या वकिलाला तेथे अर्ज करता येतो. धमकीचे स्वरूप पाहून पोलीस अहवाल देतात आणि संरक्षण ठरते. आपल्यापैकी किती जणांनी हा अर्ज कधी पाहिला आहे? मोर्चाचे निवेदन आपण झोपेतही लिहू शकतो. आपल्या भागात असे प्रकरण उभे राहील तेव्हा निवेदन द्याच, पण त्याबरोबर हा अर्ज भरून द्या, धाराशिवच्या न्यायालयात तारखेला साक्षीदाराबरोबर दोघांनी जा, त्याची त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे वर्गणीतून द्या, आणि साक्ष झाल्यावर त्याला घरी सोडून या. पुढची तारीख किती महिन्यांनी पडेल, ते सांगता येत नाही, तेव्हा हे काम एकदा करून भागणारे नाही.